शाहीन मॅडमचा राहून गेलेला पाठ

मागच्या महिन्यात एका मंगळवारी आमच्या नाशिकरोडच्या शाळेत, माझ्याच आठवी ब मध्ये, एक अख्खा पाठ वाया गेला... आणि त्या दिवसापासून मी उगाच खुशीत आहे.

झालं असं, की बी.एड.च्या मुलींचे शेवटचे पाठ होते. बाहेरून परीक्षक येतात, मागच्या बाकावर बसतात, मार्क देतात. वर्गशिक्षिका म्हणून मी त्यांच्या शेजारी, तोंड बंद ठेवून... माझ्यासारखीला ही शिक्षाच.

त्यातली शाहीन चांदवडची. नवऱ्याचं वेल्डिंगचं दुकान, घरी लहान मुलगी, रोज एसटीने ये-जा. गावातल्या एका शाळेने इंग्रजीची जागा तिच्यासाठी थांबवून ठेवली होती, पण "यंदा पास झालात तरच" असं स्पष्ट सांगून. त्यामुळे हा पाठ म्हणजे तिच्यासाठी सगळंच होतं.

पोरगी हुशार, पण भित्री. आपलं पाठाचं टाचण ती अक्षरन् अक्षर पाठ करून यायची, त्यातली मुलांची उत्तरंसुद्धा! एकदा तर मुलगा उठायच्या आधीच "व्हेरी गुड, सिट डाउन" म्हणून मोकळी झाली होती... मुलं हसली नाहीत. आमच्या मुलांचा तिच्यावर जीव होता.

आता बी.एड.वाल्यांची एक गंमत सांगते. पाठाच्या सुरुवातीला चार प्रश्न विचारायचे. पहिले तीन सोपे, आणि शेवटचा असा की वर्गाला उत्तर येता कामा नये. मग मॅडमनी म्हणायचं, "आज आपण हेच शिकणार आहोत!" आमच्याकडे वर्षानुवर्षं हे पाठ होत आलेत, त्यामुळे मुलं तयार झालीत. चौथ्या प्रश्नाला सगळे असे काही भाबडे चेहरे करून बसतात, की बघणाऱ्याला दया यावी.

शाहीनचा पाठ दीपगृहावरचा होता. तीन प्रश्न झकास झाले. चौथा आला, इंग्रजीतच... दीपगृहात राहणाऱ्या माणसाचं आयुष्य कसं असतं?

वर्ग ठरल्याप्रमाणे चिडीचूप. आणि खिडकीजवळच्या बाकावरून एक हात वर आला.

ती इरा. वडिलांची बदली झाली म्हणून दिवाळीनंतर रत्नागिरीहून आलेली. आमचे रीतिरिवाज तिला कुठून माहीत असणार! "आय नो, मॅम. माय आजोबा... लाइटहाउस..." आणि इंग्रजी संपलं.

मागून कुणीतरी दबक्या आवाजात ओरडलं, "अगं, नाय म्हण ना!" तेवढ्यात आमचा मॉनिटर प्रथमेश उभा राहिला आणि छातीठोकपणे म्हणाला, "मॅडम, आम्हाला कोणालाच माहीत नाही!" बिचारा मॅडमना वाचवत होता... मी मान खाली घातली. परीक्षकांचं पेन थांबलेलं मात्र दिसलं.

शाहीनच्या तोंडचं पाणी पळालं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर कुणाला येईल, हे टाचणात नव्हतंच. तिने माझ्याकडे पाहिलं, पण मी काय करणार! मला वाटलं, झालं, आता ही रडते.

ती रडली नाही. टाचण टेबलावर ठेवलं, इराला पुढे बोलावलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली. "टेल अस," म्हणाली.

इरा बोलायला लागली. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. शब्द अडला की शाहीन तो इंग्रजीत पुरवायची आणि फळ्यावर लिहायची. आजोबा रोज काच पुसायचे, खाऱ्या वाऱ्याने ती आंधळी व्हायची म्हणून. वादळी रात्री पक्षी उजेडाकडे येऊन काचेवर आपटायचे... सकाळी आजोबा ते उचलून आणायचे, एखादा जिवंत असला तर खोक्यात ठेवायचे.

मग सोहेलने मराठीत शाहीनला विचारलं, आजोबांना भीती नाही वाटायची? शाहीन म्हणाली, "मला नको, तिला विचार. इन इंग्लिश." वर्षभरात इंग्रजीचं एक वाक्य न बोललेला तो पोरगा उठला आणि म्हणाला, "युवर आजोबा, नॉट अफ्रेड?" कुणी हसलं नाही. मग एकेक हात वर यायला लागले...

बेल झाली. धडा उघडलासुद्धा नव्हता. ना मूल्यमापन, ना गृहपाठ.

बाहेर व्हरांड्यात शाहीनने हातपाय गाळले. "मॅडम, माझा पाठच नाय झाला. सगळं गेलं. घरी काय सांगू?" मी तिचा हात धरून उभी राहिले. खोटा धीर द्यायला मला जमत नाही.

तेवढ्यात परीक्षक बाहेर आले. रिटायर्ड मुख्याध्यापक, कडक म्हणून ख्याती. आमच्यासमोर थांबले, चष्मा काढला.

"त्या मुलीला एक विचारून घ्याल का?" ते शाहीनला म्हणाले. "खोक्यातले पक्षी नंतर उडायचे का? मी हात वर करणार होतो... तेवढ्यात बेल झाली."

आणि निघून गेले. मार्कांबद्दल चकार शब्द नाही.

काल शाहीनचा फोन आला. पास झाली! जूनमध्ये चांदवडच्या शाळेत रुजू होतेय. मला इतका आनंद झाला की स्टाफरूममध्ये मी ओरडलेच.

पाठ चांगला झाला की नाही, हे कसं ओळखायचं, असं नवीन मुली मला नेहमी विचारतात. आता मी त्यांना त्या मागच्या बाकाबद्दल सांगणार आहे... तपासायला आलेला माणूस तिथे बसून हात वर करायच्या बेतात होता, हे सांगणार आहे.