‘मनमिळाऊ’ नसलेली निधनवार्ता

सोलापुरात मेल्यावर माणूस मनमिळाऊ होतोच. एका स्थानिक दैनिकात निधनवार्तांचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळते आहे, म्हणून हे छातीठोकपणे सांगते. भाडेकरूंची अंथरुणं रस्त्यावर फेकणारा घरमालक असो की नळावर रोज कुणाची तरी आई-माई काढणारी बाई असो, ‘अल्पशा आजाराने निधन झाले’च्या मागोमाग ‘मनमिळाऊ स्वभावामुळे परिसरात परिचित’ हे येतंच. नाव, गाव, वय लोक लिहून आणतात. हा शब्द आम्ही घालतो. तो कुणी मागत नाही आणि कुणी नको म्हणत नाही.

पूर्वी असं नव्हतं. दुपारी काम नसलं की मी कचेरीतल्या जुन्या अंकांच्या फायली काढून बसते. त्यांत हा शब्द जिवंत माणसांसाठी असे. होटगीहून बदली झालेले स्टेशनमास्तर मनमिळाऊ, निरोपाचा नारळ घेणारे हेडमास्तर मनमिळाऊ. मासिकांतल्या गोष्टींत थोरली सून मनमिळाऊ असे, म्हणजे ती सगळं ऐकून घेई. पुढे केव्हातरी तो मेलेल्यांकडे आला आणि तिथंच चिकटला. मला तो डोळ्यांत खुपतो, आणि त्याला कारण आहे.

वडील लवकर गेले. घरात थोरल्या काकांचा शब्द चाले. वडिलांच्या मागे त्यांनी आईला सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं खायला लावलं. एके दिवशी आईनं पडवीत स्टोव्ह पेटवला, स्वतःची भाकरी स्वतः थापली आणि मला गरम वाढली. त्या दिवसापासून काकांच्या तोंडी ती घरफोडी झाली.

ती वारली तेव्हा बातमी द्यायला काकाच या दैनिकाच्या कचेरीत गेले. मी कॉलेजात होते, सोबत गेले. लिहून घेणाऱ्यानं सवयीनं मजकूर वाचून दाखवला. ‘मनमिळाऊ’पाशी काकांनी त्याला थांबवलं.

“तेवढं काढा,” ते म्हणाले. “चूल वेगळी केलेली बाई हाय ती.”

त्यानं मुकाट्यानं काट मारली. दुसऱ्या दिवशी त्या रकान्यात सगळे मनमिळाऊ होते, एक माझी आई सोडून. अंक वाचून गल्लीतल्या बायका माझ्याकडे कशा बघत होत्या ते मी विसरलेले नाही.

पुढे मला याच टेबलावर नोकरी लागली, तेव्हा सगळ्यांत आधी काका आठवले. त्यांचं वय होत चाललं होतं आणि मला घाई नव्हती.

यंदा उन्हाळ्यात ते गेले. चुलतभाऊ कागद घेऊन आला. मी सगळं नीट लावलं, नाव, वय, पश्चात पत्नी, मुलगा, सून, नातवंडं. तो शब्द तेवढा घातला नाही. बरं वाटलं. अंक निघाला आणि सकाळीच भावाचा फोन आला. चुकून राहिला का, त्यानं विचारलं. चुकून नाही, मी सांगितलं. मग तो चिडला. लोक घरी येऊन विचारायला लागले होते, काकांनी असं काय केलं होतं म्हणून. मला तेच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले. काकू भिंतीला टेकून बसली होती. ती वळसंगची. आमच्या घरात तिचा आवाज मी फारसा ऐकलाच नव्हता. आईच्या ताटात उरलंसुरलं वाढायची ती हीच. तिच्यावरही माझा राग होता, आणि तिची बातमी कशी लावायची हेही मी ठरवून ठेवलं होतं. तिनं मला जवळ बसवून घेतलं.

“त्यास्नी लावला न्हाईस ते बरं केलंस,” ती हळूच म्हणाली. “मी गेले की मलाबी लावू नगं. तुज्या आईला तसलं वाडताना मी गप बसले. त्येला मनमिळाऊ म्हणत न्हाईत की.”

मला तिचा भयंकर राग आला. इतकी वर्षं जपून ठेवलेली शिक्षा तिनं अशी बसल्या जागी मागून घेतली होती. चपला घालून बाहेर पडले, तेव्हा तिच्यावर सूड उगवायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.