सात पावलांची कबुली

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, शांतवन नावाच्या छप्पन्न वर्षांच्या शेतकऱ्याने जोयड्याच्या तहसील कार्यालयात जबाब दिला. धाकट्या भावाच्या जमिनीच्या हद्दीचा दगड आपण बारा वर्षांपूर्वी सात पावले सरकवला, असे त्याने सांगितले. हीच कबुली त्याने चार वर्षांपूर्वी रामनगरच्या ख्रिस्ती मंडळीत, भर उपासनेत, रडत दिली होती. ती मी याच मासिकात छापली. मंडळीने त्याला मिठी मारली, पुढच्या वर्षी वडील (मंडळीचा कारभारी) म्हणून निवडले. दगड मात्र होता तिथेच राहिला. तो जागेवर नेला का, हे मी विचारले नव्हते. दुसऱ्या कुणी विचारल्याचीही नोंद नाही.

मी रविवारी सकाळी बेळगावहून निघालो. बोलावणी दोन होती. रामनगरच्या पाळकांनी (मंडळीच्या धर्मगुरूंनी) 'टिकणारी आत्मिक वाढ' या विषयावर तीन दिवसांचे शिबिर ठेवले होते आणि त्याचा वृत्तान्त त्यांना हवा होता. दुसरा निरोप शांतवनच्या धाकट्या भावाचा, दानियलचा. मंगळवारी फेरमोजणीच्या अर्जावर सुनावणी आहे, दादाने हरकत घेतली आहे, दादाची कबुली टिपलेली जुनी वही असेल तर घेऊन या, एवढेच तो फोनवर बोलला.

बस उळवीच्या जत्रेकरूंनी भरलेली होती. खानापूरपासून पुढे मी उभाच होतो. शेजारच्या सीटवरची बाई नंदगडची. दरवर्षी जाते म्हणाली. दरवर्षी जाऊन काय फरक पडतो, असे मी विचारले. तिने पिशवीतली केळी मांडीवर नीट केली आणि म्हणाली, "वर्साला एकदा देवाम्होरं उभं ऱ्हायाचं. बाकीच्या दिसांत सासूसंगं भांडायला मोकळी." पुढच्या सीटवर तिची सासू होती. तीही हसली.

रामनगरला दुपारी उतरलो. हे गाव बरेचसे सुपा धरणाने उठवलेल्या लोकांनी वसवले आहे. शांतवनचे वडील त्यांतलेच. शिबिर एका पत्र्याच्या सभागृहात होते, चाळीसेक माणसे सतरंजीवर बसलेली. फळ्यावर चार शब्द एकाखाली एक लिहिले होते: वचन, प्रार्थना, संगती, साक्ष. पाळक पन्नाशीचे, आवाज मऊ, हातात खडू. रोप लावणे सोपे, ते उन्हाळ्यात जगवणे कठीण, असे ते सांगत होते. शांतवन मागच्या भिंतीला टेकून बसला होता. शेवटच्या दिवशीची साक्ष (देवाने आयुष्यात काय केले, ते सांगणे) त्याचीच होती, कार्यक्रमपत्रिकेवर नाव छापलेले होते.

जेवणानंतर पाळकांनी मला बाजूला घेतले. मी वही आणली आहे, हे त्यांना कळले होते. त्यांचे म्हणणे त्यांनी न चिडता मांडले. कबुली देवापुढे झाली, क्षमा मिळाली, तो हिशोब मिटला. सरकारपुढे ती पुन्हा काढली तर गावात मंडळीचे हसे होईल, आणि आजकालचे दिवस तसेही बरे नाहीत. वकिलाने मार्ग काढला आहे: मासिकवाल्याने पदरचे लिहिले, एवढे शांतवनने म्हणायचे.

"म्हणजे खोटे मी ठरतो," मी म्हणालो.

"तुमचं काय बिघडतं, सर? तुम्ही बेळगावला ऱ्हाता."

सोमवारी शांतवनच्या घरी गेलो. जोयड्याच्या रस्त्यावर एक फाटा आधी उतरलो आणि दोन किलोमीटर जास्त चाललो. रस्ता सागाच्या जंगलातून जातो, खाली वाळलेली पाने घोट्यापर्यंत. जंगल संपते तिथे भाताच्या कापलेल्या खाचरांचा एक उतार आहे. वर शांतवनचे घर, खाली दानियलचे, मध्ये मेर (शेताचा बांध) आणि मेरेवर तो दगड.

दगड काळा, घडीव, मध्यभागी झिजून खोलगट झालेला. तो मुळात उंबरा होता. जुन्या सुप्यातले घर पाण्याखाली जाण्याआधी वडिलांनी तो काढून गाडीतून आणला, आणि मरण्यापूर्वी दोन मुलांची वाटणी करताना मधोमध रोवला. वर्षभरात दानियल कामासाठी गोव्याला गेला. तो तिथे असताना शांतवनने दगड सरकवला. नंतर सरकारी मोजणी झाली, ती दगडावरूनच. सरकवलेल्या पट्ट्यात आता सुपारीची बावीस झाडे आहेत, फळाला आलेली. वरच्या झऱ्याचा पाट शांतवनच्या अंगणातून या झाडांकडे येतो.

शांतवनच्या बायकोने, मार्थाने, पेज (पातळ भात) आणि भाजलेला सुका बांगडा वाढला. आग्रह केला नाही. शांतवन खाली मान घालून जेवत होता. उद्या काय सांगणार, असे मी विचारले. तो म्हणाला, रोज पहाटे वाचतो, प्रार्थना करतो, चार वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही. पण या दगडापाशी आले की प्रार्थना पुढे सरकत नाही. पहिल्या आठवड्यातच परत नेला असता तर झाले असते. तेव्हा लोक भेटायला येत होते, हात धरत होते. मग वाटले, झाले की सगळे.

मार्था चुलीजवळून बोलली. "कबुली ह्यांनी दिली. झाडांस्नी पाणी मी घातलं. सात उन्हाळे, डोईवरनं. पाट मागनं आला." चुलीतले लाकूड मागे ओढून ती म्हणाली, "साक्षीला ह्यांनाच बोलवत्यात."

शांतवन ताट उचलून बाहेर धुवायला गेला. 

खाली दानियलकडे गेलो. त्याने मासिकाचा तो अंक प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. दगड सरकल्याचे त्याला त्या अंकातूनच कळले, गोव्यात, कुणीतरी वाचून दाखवले तेव्हा. शेजाऱ्याची हद्द हलवू नये, हे बायबलमधून वडील रोज संध्याकाळी वाचायचे, दोघांना समोर बसवून, असे तो म्हणाला. अंक हाती आल्यावर तो गावी परतला, पण त्याने लगेच अर्ज केला नाही.

"चार वर्सं थांबलो बघा. दादा येतील म्हणून. सनाला यायचे की, केक घिऊन. दगडावर बूट ठिवून बोलायचे."

जमीन हवी की दादा हवेत, असे मी विचारले. तो म्हणाला, "आता जमीनच."

मंगळवारी तहसील कार्यालयात गर्दी नव्हती. अधिकारी तरुण, कामाला नेमके. काम कन्नडमध्ये चालले, दोघा भावांना ती भाषा मराठीइतकीच येते. शांतवनच्या वकिलाने सांगून टाकले की मासिकातला मजकूर लेखकाच्या मनचा आहे. मी वही पिशवीतून काढून मांडीवर ठेवली. ती उघडण्याची वेळ आली नाही. अधिकाऱ्याने शांतवनला थेट विचारले, हे तुम्ही बोलला होता का?

शांतवन उभा राहिला. वकील त्याच्या बाहीला धरून होता. पाळक बाहेर व्हरांड्यात होते, दार उघडे होते.

"लिवलंय ते खरं हाय," तो मराठीत म्हणाला. मग तेच कन्नडमध्ये सांगितले. दगड मी सरकवला. सात पावले. हरकत मागे घेतो.

अधिकाऱ्याने विचारले, चार वर्षांपूर्वी कबूल केले, मग परत का नेला नाही?

"कुणी विचारलं न्हाई, साहेब."

जबाब कन्नडमध्ये लिहिला गेला, वाचून दाखवला गेला, त्याने सही केली. दानियल पूर्ण वेळ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होता.

दुपारी शांतवन आणि मी रामनगरला परतलो तेव्हा शिबिराचे शेवटचे सत्र सुरू होते. फळ्यावरचे चार शब्द तसेच होते. कार्यक्रमपत्रिकेवर शांतवनच्या नावावर निळ्या शाईची रेघ होती आणि साक्षीसाठी मंडळीतल्या दुसऱ्या एकाला उभे केले होते. दारू सुटल्याची साक्ष होती ती, लोक आमेन म्हणत होते. सत्रानंतर पाळकांनी शांतवनला सांगितले की काही महिने वडीलपणाची जबाबदारी त्याने बाजूला ठेवावी. बारा वर्षे दगड सरकवलेला होता, त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. "सरकारी कागदावर मंडळीचं नाव गेलं," असे ते म्हणाले. वास्तविक जबाबात मंडळीचा उल्लेख नाही. मी तो वाचला आहे.

मोजणीची वाट न पाहता शांतवनने त्याच दिवशी, ऊन कलल्यावर, पहार घेतली. मीही हात लावला. दगड बोलण्यात वाटतो त्यापेक्षा जड होता. सात पावलांना पाऊण तास लागला. खड्डा त्याने न मोजता खणला, जुनी जागा त्याला ठाऊक होती. दानियल पडवीत उभा राहून बघत होता. तो खाली आला नाही. दगड रोवून झाल्यावर शांतवन त्याच्याकडे वळून म्हणाला, "बघ, जागंवर हाय का." दानियल म्हणाला, "हाय." आणि आत गेला. मार्था घराबाहेर आली नाही.

बुधवारी मी बेळगावला परतलो. येताना बस रिकामी होती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दानियलचा फोन आला. मोजणी झाली, दगड बरोबर जागेवर निघाला. पाट मात्र वरच्या अंगणात मातीने बुजवलेला आहे. बावीस झाडांपैकी नऊ वाळली आहेत.

मी शांतवनला फोन केला. त्याने नाकारले नाही. पाट मार्थाने बुजवला, असे तो म्हणाला. "मी उघडला न्हाई." या खेपेस मी विचारले, कधी उघडणार?  तो म्हणाला, "येत्या रविवारी प्रभुभोजन हाय. भावासंगं मिटवल्याबिगर ते घ्यायचं नसतंय. त्याच्या आधी उघडतो."

सोमवारी मी दोघांनाही फोन केला. रविवारी प्रभुभोजन झाले. शांतवनने भाकर आणि प्याला घेतला. पाट बंद आहे.