बाबांनी ओटीपी दिला नाही

आमची मुलगी आमच्या नावावर राखून ठेवली गेली, त्या दिवशी आम्ही नवरा-बायको आईला घेऊन व्हिएतनामला होतो. करंजाड्याच्या घरी फक्त माझे बाबा होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की मी चोर आहे.

चूक माझीच. मी पनवेलच्या एका बँकेत नोकरीला आहे, आणि ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ या विषयावर बोलायला मला आमंत्रण लागत नाही. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिकांना मी दर महिन्याला धरून बसवायचो. (चहा-बिस्किटं असायची, म्हणून यायचे.) "घाई करतो तो चोर! नातेवाईक आहे म्हणतो तो तर पक्का चोर! हल्ली आवाजाचीसुद्धा हुबेहूब नक्कल करतात!" बाबा पहिल्या रांगेत वही घेऊन बसायचे. माझं बोलणं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मनावर घेतलं होतं, त्यामुळे मी जरा जास्तच रंगायचो.

दत्तकासाठी सरकारी पोर्टलवर नाव नोंदवून आम्हाला तीन वर्षं झाली होती. नोंदणीत मोबाईल नंबर दिला होता बाबांचा, कारण मी प्रत्येक नव्या ऑफरला नंबर बदलतो, आणि बाबांचा बटणांचा फोन नि नंबर दोन्ही अढळ! आमचा क्रम लागला की बाळाची माहिती दिसणार, अठ्ठेचाळीस तासांत होकार द्यायचा. नाही दिला तर बाळ यादीतल्या पुढच्या घरी. मानसीने आणि मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं, जे बाळ येईल ते आपलं, निवड करत बसायचं नाही.

वाट बघून बघून कंटाळल्यावर मानसी म्हणाली, "अजून काही महिने तरी काही होत नाही. मूल आलं की कुठे जाता येणार नाही, एकदा फिरून येऊ." आईने त्याच दिवशी बॅग भरली. बाबा मात्र म्हणाले, "घरात कोणीतरी माणूस नको?" आणि राहिले.

तिथे आम्ही दोन दिवस बोटीवर होतो, नेटवर्क शून्य. तिसऱ्या दिवशी दुपारी किनाऱ्याला उतरलो, मानसीने मेल उघडली आणि ती मटकन बॅगेवरच बसली.

"अरे, बाळ आलंय!"

"कुठे?" (हा माझा प्रश्न!)

"पोर्टलवर! परवाच! तीन तास राहिलेत फक्त!"

लगेच लॉगिन केलं. ओटीपी गेला करंजाड्याला. मी तिथलं सिम टाकलेल्या फोनवरून बाबांना फोन लावला.

"बाबा, मी निखिल. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आलेत, पटकन वाचून दाखवा."

पलीकडून अतिशय कडक आवाजात, "कोण निखिल?"

"तुमचा मुलगा!"

"नातेवाईक आहे म्हणतोय," बाबा कोणाला तरी म्हणाले. खालच्या मजल्यावरचे दामूकाका रोज दुपारी आमच्याकडे पत्ते खेळायला येतात. माझ्या व्याख्यानांना तेही न चुकता यायचे.

"घाई करतंय का तो?" दामूकाकांचा आवाज.

"बाबा, लवकर करा हो! बाळ आलंय आपलं!"

"घाईपण करतोय आणि भावनेलाही हात घालतोय."

"मंग पक्का चोर हाय! आकडे देव नको! नंबर पन भायेरच्या देशाचा हाय!"

आईने फोन माझ्या हातातून हिसकावला. "अहो, मी बोलतेय! मुकाट्याने आकडे सांगा, नाहीतर घरी आल्यावर बघते तुमच्याकडे!"

"दामू, ऐक, ऐक," बाबा कौतुकाने म्हणाले, "आवाज काय काढलाय! अगदी तो रागसुद्धा!"

आईने फोन मला परत दिला. माझी व्याख्यानं आता कायमची बंद, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं.

मग बाबांनी माझी परीक्षा घ्यायचं ठरवलं. "खरा निखिल असशील तर सांग, तुझ्या आईचा वाढदिवस कधी असतो?"

आई शेजारीच उभी होती. तिने सांगितलं असतं, पण तिलाही उत्तर ऐकायचं होतं!

"बारा... ऑगस्ट?" मी आईकडे पाहिलं. "नाही, नाही, सप्टेंबर!"

फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद. चोराचा फोन आला की फोन बंद करून ठेवावा, हेही मीच शिकवलं होतं.

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही. मानसीने भांडावं असं मला मनापासून वाटत होतं. ती नुसती फोनचा पडदा विझला की पुन्हा पेटवत होती. कुठलंतरी एक पोर आमच्या नावाने थांबलं होतं आणि माझ्या शहाणपणामुळे दुसरीकडे जाणार होतं. मला रडू येत होतं, आणि ते मी लपवलंही नाही.

तेवढ्यात मेल आली. आपण बालिकेस राखून ठेवले आहे, धन्यवाद! आम्ही तिघंही ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. मग मी बाबांना फोन लावला. लागला!

"मी तुला ओटीपी दिलेला नाही, हे आधी लक्षात ठेव," बाबा म्हणाले.

"मग हे केलं कोणी?"

"मी. कपाटातली फाइल काढली. तिच्यावर पासवर्ड तूच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलायस. बँकेत आहेस ना? दामूला घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलो, तिथल्या बाईंनी कॉम्प्युटर उघडून दिला, आकडे मी स्वतः टाकले."

"पण मीच बोलतोय हे तुम्हाला पटलं कसं?"

"चोर असता तर वाढदिवस पाठ करून आला असता. इतकं चुकीचं उत्तर माझाच मुलगा देऊ शकतो. बरं ते जाऊ दे. पोरगी आहे, सात महिन्यांची. नाक माझ्यावर गेलंय."

मागून दामूकाका ओरडले, "वजन जरा कमी हाय, पन ते आपन बगू!"

आम्ही परत येईपर्यंत तिच्या फोटोची रंगीत प्रत सोसायटीतल्या प्रत्येक घरात पोहोचली होती. मुलीचा चेहरा सगळ्या इमारतीने पाहिल्यावर, सर्वांत शेवटी आई-वडिलांनी नीट पाहिला.

जुई आता बालवाडीत आहे. ती कशी आली, ही गोष्ट बाबा तिला जेवताना रोज सांगतात, आणि त्यात आमचा उल्लेख अगदी शेवटी येतो. परवा पालकसभेला गेलो, तर तिच्या बाईंनी आम्हाला आदराने पुढच्या खुर्च्यांवर बसवलं. मग एकेक शब्द सुटा सुटा उच्चारत त्या म्हणाल्या, "जुईने सांगितलंय मला सगळं. आधी आजोबांनी तिला घेतलं, आणि मग तिच्यासाठी व्हिएतनामहून आई-बाबा मागवले."

मी काही बोलणार, तेवढ्यात मानसीने माझा हात दाबला. मी एवढंच म्हणालो, "हो, तसं साधारण बरोबरच आहे."

बाई थक्क झाल्या. "अय्या, तुम्हाला मराठी किती छान येतं हो!"