साहेब म्हणत होते

निवृत्त माणसाकडे किस्से कसे साठतात, कळत नाही. आपण तर काही जमवलेलं नसतं. रिकामा म्हणून माळ्यावर टाकलेला डबा खाली काढावा आणि आत काहीतरी खडखडावं, तसं होतं. रामदासपेठेत संध्याकाळी आम्ही चार म्हातारे बसतो. मी हे किस्से सांगितले की बाकीचे तिघे हसतात. घरी परतताना मात्र मला वाटत राहतं, आपण काही चुकीचं तर सांगितलं नाही ना? सांगितलं असेल. वर्गात शिकवतानाही मला हीच भीती असायची, आणि तेव्हा ती खरी निघाली होती.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याआधीची, मध्यप्रांताच्या दिवसांतली गोष्ट. एम.एस्सी. होऊन मी नागपूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागलो होतो. नोकरी हंगामी. उन्हाळा आला की पुढच्या वर्षी ठेवतात की नाही या काळजीने मला जेवण जात नसे. माझ्याकडे विषय होता समुद्रकाठचे जीव आणि त्यांचे आपसातले संबंध. कोण कोणाला खातो, कोण कोणाच्या पाठीवर बसतो, कोण कोणाच्या घरात राहतो.

अडचण एकच होती. मी समुद्र पाहिलेला नव्हता. मी नागपूरजवळच्या खाप्याचा. मी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली कन्हान नदी.

*

पहिल्याच तासाला भरती-ओहोटी शिकवली. फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाण काढले. वर्गात उमरेडच्या विणकर घरातला वामन निमजे नावाचा विद्यार्थी होता. तो उभा राहिला.

"सर, तुम्ही पाह्यला का समुद्र?"

मी "हो" म्हणालो. का म्हणालो, ते आजही सांगता येणार नाही. समोर चाळीस वह्या उघड्या होत्या, एवढंच आठवतं.

"मंग वास कसा येते त्याचा?"

माझ्या एकाही पुस्तकात वास दिलेला नव्हता. मागे नत्थूजी काचेच्या बरण्या पुसत होते. नत्थूजी आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई, वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे, कामठीचे. पूर्वी तिथल्या छावणीत पलटणीच्या रसोड्यात होते. हातातली बरणी खाली न ठेवताच ते म्हणाले, "साहेब म्हणत होते, ओल्या गोणपाटात सुकट बांधून ठेवली तं येईन ना, तसा."

मी असं काहीच म्हणालो नव्हतो. वर्गाने ते लिहून घेतलं. या भल्या माणसाने माझ्यासाठी थाप मारली, असं मला वाटलं. आभार मानावे म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं, तर ते पुढची बरणी पुसत होते.

*

मग तो पायंडाच पडला. मी अडकलो की मागून आवाज यायचा, "साहेब म्हणत होते." समुद्राचं पाणी नुसतं खारट नसतं, ओठावर सुकलं की कडू लागतं. दुरून निळं दिसतं, जवळ गेलं की हिरवट. एकदा तर त्यांनी कहर केला. म्हणाले, साहेब म्हणत होते, भरती आली की समुद्राजवळची नदीसुद्धा उलटी वाहते.

आता मात्र थाप फार पुढे गेली, असं मला वाटलं. तास संपताच ग्रंथालय गाठलं. तीन पुस्तकं चाळली. खाडीच्या तोंडाशी नदी खरोखरच उलटी वाहते, असं तिसऱ्यात निघालं.

मग मला वेगळीच काळजी लागली. हे मीच कधीतरी वाचून नत्थूजींना सांगितलं असणार आणि विसरलो असणार. स्वतःच्या स्मरणशक्तीवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता.

*

एकदा शार्क आणि त्याला चिकटून फिरणारा मासा शिकवत होतो. त्या माशाच्या डोक्यावर एक चकती असते. तिने तो शार्कच्या पोटाला चिकटतो, फुकट प्रवास करतो आणि शार्कच्या जेवणातलं सांडलेलं खातो. शार्कचं त्यात फारसं काही जात नाही. मी विचारलं, असं दुसरं उदाहरण कोणी देईल का?

निमजे म्हणाला, "आमचे मामा, सर. उमरेडच्या गाडीत तिकीट काढत नाही, अन् शेजारच्याचा डबा उघडला का सरकून बसते."

वर्ग हसला. मीही हसलो. मग दिवसभर एकच विचार, की मामांमुळे रेल्वेचं नुकसान होतं, मग उदाहरण बरोबर कसं? दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी ते मागे घेतलं. निमजेला वाटलं, मी मामांवर रागावलो.

*

आमचे विभागप्रमुख सबनीस सर एकदा मुंबईहून समुद्राच्या पाण्यात चार जिवंत खेकडे घेऊन आले. दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहणारे. या खेकड्याचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं, म्हणून तो कोणाचा तरी शंख अंगावर घेऊन फिरतो. सरांनी ते माझ्या स्वाधीन केले. म्हणाले, "तुम्हांला समुद्राचा अनुभव आहे."

मार्च लागला होता. नागपूरचा मार्च. टाकीतलं पाणी रोज दोन बोटं खाली जायचं. मी रोज मीठ मोजून, पाण्यात विरघळवून, तेवढं पाणी वर टाकायचो. चौथ्या दिवशी खेकडे शंखातून अर्धे बाहेर येऊन बसले. सहाव्या दिवशी दोन मेले.

नत्थूजी टाकीपाशी उभे होते. "साहेब, वरण आटलं तं पाणी टाकतेत. मीठ काहून टाकून राहिले तुम्ही?"

मी खडू घेऊन त्यांना पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण समजावायला लागलो. अर्धा फळा भरला आणि खडू थांबला. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणजे मी रोज टाकी जास्त खारट करत होतो. नत्थूजी तोवर गोड्या पाण्याचा गडवा घेऊन आले होते. उरलेल्या दोनांतला एक खेकडा वाचला.

*

आता बरणीची गोष्ट. ही मी फारशी सांगत नाही.

आमच्याकडे एका बरणीत औषधात ठेवलेला असाच एक खेकडा होता. त्याच्या शंखावर समुद्रफूल बसलेलं. समुद्रफूल हा प्राणीच. तळाने शंखाला चिकटतो, तोंड वर, भोवती डंख मारणारी बोटांसारखी शुंडकं. त्याच्या डंखामुळे खेकड्याच्या वाटेला कोणी जात नाही. त्याला बसल्या जागी फिरायला मिळतं, खेकड्याचं उष्टं मिळतं. दोघांचंही भागतं. माझा सगळा विषय त्या एका बरणीत होता.

नत्थूजींच्या हातून ती बरणी एकदा आपटली आणि समुद्रफूल सुटलं. त्यांनी ते काळ्या दोऱ्याने जागच्या जागी बांधून टाकलं, मला सांगितलं नाही. औषधात राहून ते आक्रसलेलं, करडं, कोटाच्या बटणासारखं झालेलं. पुढची दोन वर्षं मी त्यावरून शिकवलं आणि मुलांनी आकृत्या काढल्या.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. समुद्रकाठचे गृहस्थ. आकृत्या पाहून त्यांनी बरणी मागवली, उजेडात धरली. समुद्रफूल उलटं बांधलेलं होतं. तोंड शंखाला, तळ वर.

"तुमच्या नागपूरच्या समुद्रात हे शंख खातं वाटतं," ते म्हणाले. मग विचारलं, "कोणी बांधलं हे?"

नत्थूजी ट्रे घेऊन दारातच उभे होते. त्या वर्षी दोन शिपाई कमी करायचे, अशी कुजबुज होती. ट्रेमधल्या बाटल्या एकमेकींवर वाजू लागल्या.

"मी," मी म्हणालो.

माझ्या समुद्राच्या अनुभवाबद्दल सबनीस सरांनी त्यांना आधीच सांगितलेलं होतं. परीक्षकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "समुद्र पाहिलेला माणूस असं बांधतो?"

ते गेल्यावर सबनीस सरांनी मला आपल्या खोलीत बोलावलं. मग म्हणाले, "सुट्टीत मुलांना कोकणात घेऊन जा. माझे गुडघे दुखतात, आणि समुद्र तुम्ही पाहिलेला आहे. परत आलात की तुमच्या नोकरीचं बघू."

*

कोल्हापूरपर्यंत रेल्वे, मग घाटातून मोटार. वाटेत मी एक घासही नीट खाल्ला नाही. बारा विद्यार्थी, नत्थूजी आणि मी. रत्नागिरीजवळच्या एका खेड्यात सकाळी पोचलो. माडांतून चालत किनाऱ्यावर आलो, आणि समोर समुद्र नव्हता.

काळे खडक, चिखल, शेवाळ, आणि फार लांब एक पांढरी रेघ. आपण चुकीच्या गावी आलो, असंच मला वाटलं. सगळी मुलं माझ्याकडे बघत होती.

"सर, समुद्र कुठं गेला?" निमजेने विचारलं.

तेवढ्यात वारा आला, आणि त्याच्याबरोबर वास. ओल्या गोणपाटात बांधलेल्या सुकटीचा. अगदी तोच.

"साहेब म्हणत होते," माझ्या मागून आवाज आला, "हे ओहोटी हाय. भाकर खाऊन घ्या. येते तो."

मुलं भाकरी खायला बसली. आणि तो आला. खडकाखडकांतून, घाई न करता, आमच्या चपलांपर्यंत आला.

दुपारी कोळ्यांनी जाळी झटकली. त्या कचऱ्यात नत्थूजींना शंखातला खेकडा सापडला, वर करडं बटण बसलेला. त्यांनी तो खडकातल्या डबक्यात ठेवला. आम्ही दोघं उकिडवे बसून पाहत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग बटण हळूहळू उघडलं. तोंड वर.

मी हळूच विचारलं, "नत्थूजी, तुम्ही याआधी समुद्र पाहिला होता?"

"मंग? पहिल्या लढाईत पलटणीसंगं बसऱ्याले गेलो होतो ना. आठ दिवस जहाजात. तिथं नदी उलटी वाहे, रोज."

"मी पाहिला नव्हता, हे तुम्हांला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग इतकी वर्षं 'साहेब म्हणत होते' कशाला? सरळ स्वतःचं म्हणून का नाही सांगितलं?"

नत्थूजींनी खेकड्याला पाण्यात थोडं पुढे सरकवलं.

"मी सांगितलं असतं, तं कोणी लिहून घेतलं असतं, साहेब?"

तेवढ्यात निमजे खडकांवरून उड्या मारत आला. त्याच्या मागे बाकीची मुलं, सगळ्यांच्या वह्या उघड्या. डबक्यात वाकून त्याने पाहिलं आणि विचारलं, "सर, हे फूल त्या खेकड्याला सोडून जाते का कधी?"

मला माहीत नव्हतं. पाणी माझ्या घोट्यांपर्यंत आलं होतं.

"नत्थूजी," मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मी काय म्हणत होतो?"