मेहरूनबीचा गाळा

शबानाचा फोन आला तेव्हा मी एका ब्लाउजला हुक लावत बसले होते. "मावशी, अम्मी गेली... तुम्ही या," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. आरमोरीहून चंद्रपूरला पोचेपर्यंत दुपार कलली होती. घर बायकांनी भरलं होतं, आंघोळ घालायची तयारी झाली होती, आणि सगळं अडलं होतं ते मेहरूनबीच्या हातांपाशी. दुखण्यात हात सुजले होते, बांगड्या निघत नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, फोडून टाका. शबाना माझ्याकडे बघत राहिली. मी पदर खोचला, कोमट पाणी आणि साबण मागितला आणि तिच्या बाजूला बसले. अंगठा तळहाताकडे दुमडायचा, बोटांच्या मुळाशी हलकं दाबायचं, घाई करायची नाही... एकेक करत सगळ्या निघाल्या. एकही फुटली नाही. मी शिवणकाम करणारी बाई. हे कोणाकडून शिकले, ते त्या घरात फक्त शबानाला ठाऊक होतं.

मेहरूनबी आधी आठवडी बाजारांतून बांगड्या विकायची. नवरा लवकर गेला, पदरात एकटी शबाना. एसटीच्या टपावर पेट्या चढवून कधी कुरखेडा, कधी आरमोरी, ताडपत्रीखाली दुकान. नव्वदीच्या दशकात आमच्या आरमोरीत दुमजली शॉपिंग कॉम्प्लेक्स उभं राहिलं, तेव्हा तिने दागिने मोडून त्यात वरच्या मजल्यावर एक गाळा घेतला. शेजारचा गाळा माझा, फॉल-पिको आणि ब्लाउजचा. तशी आमची ओळख झाली. पहिल्या दिवशी तिने काचेच्या काउंटरवरून तीनदा फडकं फिरवलं आणि मला म्हणाली, "शशीबाई, आता पावसात पेट्या झाकत पळा लागत नाई मले."

पण रानातल्या गावांवरून येणाऱ्या बायका खालीच थांबायच्या. चकचकीत फरशी बघून पायरीशी चपला काढायच्या आणि तिथूनच परत फिरायच्या. मेहरूनबी चार दिवस बघत बसली, मग खाली उतरली आणि एकेकीचा हात धरून वर आणायला लागली. "या वो बाई, देऊळ नोहे हे, दुकानच हाय." वर आल्या तरी त्या काउंटरसमोर अवघडून उभ्या. शेवटी तिने काउंटर भिंतीला सरकवलं आणि खाली चटई अंथरली. मग काय विचारता! लग्नसराईत जिन्यापर्यंत रांग लागायची. नवरीचा हात मांडीवर घेऊन ती तिच्याशी सासरच्या गावाबद्दल बोलत राहायची, आणि बोलता बोलता हात भरून व्हायचा. भीतीने आखडलेल्या मुली तिच्यापुढे हसायला लागायच्या.

त्याच वर्षांत माझे मालक गेले. अंगणात बायका जमल्या, नणंद वरवंटा घेऊन माझ्यासमोर बसली. मला काही कळत नव्हतं, नुसती बसून होते. तेवढ्यात मेहरूनबी गर्दीतून आत आली आणि तिने माझा हात आपल्या हातात घेतला. "फोडता काऊन? मी काढतो ना. काच घुसते, रक्त निघते. आज इच्या जिवाले कमी लागलं का?" नणंद काहीतरी पुटपुटली. मेहरूनबीने तिकडे पाहिलंही नाही. साबण लावून, दाबत, माझ्या कानाशी हळूच काहीबाही बोलत तिने एकेक बांगडी काढली. त्या दिवशी माझ्या अंगाला झालेला तेवढाच मायेचा स्पर्श मला आठवतो. काही महिन्यांनी एका संध्याकाळी शटर अर्धं ओढून तिने माझ्या हातात काळसर काचेच्या दोन-दोन बांगड्या चढवल्या. मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली, "मी बी विधवाच हाय ना? मायाच हात मोकळा राह्यला तं माल कोन घेईल? तू मायाकडे पाहून घाल." लोक बोललेच. मग दमले.

पुढे दिवस पालटले. नागपूरला जाणाऱ्या जीपगाड्या वाढल्या, लग्नाचा बस्ता तिकडेच बांधायची पद्धत पडली. पोरी पंजाबी ड्रेस घालायला लागल्या, काचेच्या बांगड्या त्यांना कॉलेजात वाजतात म्हणून नकोशा झाल्या. रेडिमेड ब्लाउज आले, माझंही गिऱ्हाईक आटलं. कॉम्प्लेक्समधली शटरं एकामागून एक खाली आली, वरच्या मजल्यावर कबुतरं राहायला आली. मेहरूनबी मात्र रोज सकाळी सगळा व्हरांडा झाडायची, बंद गाळ्यांसमोरचासुद्धा. मी चिडायचे. ती म्हणायची, "कचरा दिसला तं बाया समजतीन, सबच बंद हाय." मी तिला पुन्हा बाजारात बसायला सुचवलं. तिने नुसता आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला.

शेवटी शबाना तिला चंद्रपूरला आपल्या घरी न्यायला आली. उरलेला माल घ्यायला व्यापारी तयार होता, पण मेहरूनबी पेट्या घेऊन बसस्टँडवर जाऊन बसली. गावी परतणाऱ्या ज्या बायका दिसतील त्यांना बोलवायची, पैसे न घेता हात भरून द्यायची. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, मजुरीहून आलेल्या... बस निघाली तेव्हा खिडक्याखिडक्यांतून हात हलत होते आणि सगळी बस किणकिणत होती. ती हसत होती. बस वळणाआड गेल्यावर रिकाम्या पेटीवर डोकं टेकून रडली.

आमची शेवटची भेट चंद्रपूरची. शबानाने आम्हाला तिथल्या नव्या मोठ्या दुकानात नेलं. थंड हवा, मंद गाणी, आणि बांगड्या प्लॅस्टिकच्या डब्यांत बंद. मेहरूनबीने तिथल्या मुलीला विचारलं, "बेटा, घालून पाहाले भेटते का?" मुलगी म्हणाली, "नाही आंटी, माप डब्यावर लिहिलंय." मेहरूनबीने डबा जपून जागेवर ठेवला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "दुकान चांगलं हाय वो. पर ते पोरगी बिचारी दिवसभर कोनासंग बोलत असन?"

मागच्या बाजाराच्या दिवशी मी कॉम्प्लेक्सवरून जात होते. तिच्या गाळ्याखालच्या पायरीशी कुरखेड्याकडची एक बाई लग्नाच्या लेकीला घेऊन उभी होती. "चुडीवाली बाई आज नाई आली का? माये हात तिनंच भरले होते." ती गेल्याचं मी सांगितलं. ती पायरीवर बसली. तिथूनच तिने विचारलं, "कुठी पुरलं तिले?"

"चंद्रपूरले."

"लय दूर हाय..." ती म्हणाली. लेकीचा हात धरून उठली. समोर बाजार भरलेला होता, बांगड्यांची दोन दुकानंही होती. मायलेकी तिकडे वळल्या नाहीत, तशाच बसस्टँडकडे चालू लागल्या.