आईंचा वॉकर आणि माझी सेवा

आमच्या चंडीगढच्या मराठी बायकांच्या स्तोत्रमंडळात हल्ली आरती संपते न संपते तोच किस्से सुरू होतात. प्रत्येकीच्या घरी कुणीतरी वयस्कर माणूस आहे, मग काय! बाकीच्या सांगतात तेव्हा मी पोट धरून हसते. माझी पाळी आली की मान वर होत नाही. माझ्या सगळ्या किश्शांत घोळ घालणारी मीच!

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि यांनी त्यांना साताऱ्याहून इथे आणलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता चालल्या तर चालतील, नाहीतर अंथरूण धरतील." मी देवासमोर ठरवलं, सेवेत काही कमी पडू द्यायचं नाही!

* * *

घरी व्यायाम शिकवायला सिमरन येऊ लागली. पहिल्याच दिवशी तिने आईंना विचारलं, "माताजी, पानी कौन देता है?"

"बहू."

"बाल कौन बनाता है?"

"बहू."

"चप्पल?"

"बहू."

मी शेजारी कौतुकाने उभी.

"फिर एक्सरसाइज भी बहू ही कर ले!"

आणि खरं सांगते, मी पदर खोचून चटईवर बसलेसुद्धा!

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे विळी, शिलाई मशीन, स्कूटर, सगळ्यांची पूजा होते. यंदा वॉकरचीही केली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेला मांडलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही आमची रीत. आई बिचाऱ्या पलंगावर बसून त्याच्याकडे बघत होत्या.

सिमरन आली, माळेकडे बघत राहिली. "भाभीजी, छुट्टी किसकी है? माताजी की, या वॉकर की?"

आई भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. खांदे हलत होते ना!

* * *

आई आधाराशिवाय देवघरापर्यंत येईपर्यंत मी भात सोडला. मोठ्या भक्तिभावाने सिमरनला सांगितलं.

"पंजाब में चावल छोड़ना कोई व्रत है जी? छोड़ना है तो माताजी का हाथ छोड़ो!"

मी स्वयंपाकघरात गेले. उगाच.

* * *

थंडीच्या उन्हात आमच्या सेक्टरच्या पार्कात आजीबायका जमतात. टाळ्या वाजवतात, हात वर करतात, गप्पा छाटतात. सिमरनने आईंना तिथे पाठवायला लावलं. मी मागोमाग शाल, थर्मास, उशी घेऊन! आई जरा उठल्या, मी धरलं. पुन्हा उठल्या, पुन्हा धरलं.

शेवटी त्यांतल्या एक बीजी, म्हणजे पंजाबी आजी, मला म्हणाल्या, "पुत्तर, तू बैठ जा. तेरे गोडे ज़्यादा ख़राब लगदे ने!"

गोडे म्हणजे गुडघे. मी बसले, तर गुडघे असे कडकडा वाजले की सगळ्या बाकावर हशा. सगळ्यात मोठ्याने कोण हसलं, सांगायला नकोच.

* * *

आणि हा परवाचा. संकष्टी होती. मंदिरात निघाले, तर निम्म्या वाटेत आठवलं, दूर्वा घरीच राहिल्या. परत आले, आई झोपल्या असतील म्हणून लॅचचं दार हळूच उघडलं.

वॉकर पलंगापाशी. आई देवघरासमोर उभ्या. कशालाही न धरता! समई नीट केली, हात जोडले आणि माझ्या बाळकृष्णाला म्हणाल्या, "देवा, पोर गुणाची आहे रे. मी उठले की हिचा जीव घाबरतो, म्हणून ही बाहेर गेल्यावरच चालते. आता हिला तेवढं बसव. म्हणजे मलाही चालता येईल, आणि ती भात तरी खाईल!"

चपला हातात घेऊन मी उलट्या पावली बाहेर आले. दार आवाज न करता ओढून घेतलं. जिन्यातच डोळे पुसले आणि बेल वाजवली.

"कोण?"

"मी, आई."

"किल्ली नाही का नेलीस?"

किल्ली हातातच होती. चतुर्थीचा उपास, पायांना मंदिराच्या वाटेवरची धूळ, आणि मी म्हटलं, "नाही हो आई. तुम्हालाच उघडावं लागेल!"