अक्कांचा डावा गुडघा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — अक्कांना तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अक्कांना ओळखत नाही, म्हणून असेल.

विद्यानगरात अक्का आमच्या शेजारी राहतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, घरगुती खानावळ चालवायच्या, माहेर अळणावरजवळच्या खेड्यातलं. चार वर्षं आम्ही दोघी रोज पहाटे पळायचो. सासूबाईंची अट होती — अक्का सोबत असतील तरच जायचं. अख्ख्या दिवसात माझा म्हणावा असा तेवढाच एक तास. हे मी सबब म्हणून सांगतेय का? नाही. पुढचं कळावं म्हणून.

मग अक्कांचा डावा गुडघा दुखायला लागला. जिना चढताना आत कट्ट वाजायचं. स्कॅन झालं. खानावळीची गडबड होती, म्हणून रिपोर्ट आणायला कोप्पीकर रोडजवळच्या दवाखान्यात मी एकटीच गेले. डॉक्टरांनी नीट समजावलं. पळण्यानं धडधाकट गुडघे सहसा बिघडत नाहीत, म्हणाले. पण यांच्या गुडघ्यातली गादी फाटली आहे, त्यावर पळत राहिल्या तर सगळंच झिजेल. तीन महिने थांबू देत, मग बघू.

तीन महिने. घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच होतं.

रिपोर्ट इंग्रजीत. अक्कांना वाचता येतं ते कन्नड. त्यांनी विचारलं, "काय म्हणाले?"

"नुसती सूज आहे. हळूहळू पळा म्हणालेत."

"आयतु, झालं तर," अक्का म्हणाल्या, "मग उद्या पाचला."

— इतकंच. एवढं एक वाक्य. तिथंच संपलं असतं, तर कदाचित मी ते विसरलेही असते.

दोन महिन्यांनी आम्ही त्यांच्या माहेरी गेलो होतो. सकाळी सागवानाच्या रानातल्या रस्त्यानं पळायला निघालो. धुकं असं, की स्वतःचे बूट दिसेनात. अक्का मागं होत्या. त्यांची पावलं ऐकू येत होती — उजवं जड, डावं जरा चोरटं. तो ताल मला पाठ होता. लाकडाच्या वखारीशी वळायचं ठरलेलं. मी वळले, आणि मागं कुणी नव्हतं.

पावलं मात्र तिथवर माझ्या मागंच होती. आजही शपथेवर सांगेन.

मी परत फिरले. बरंच मागं, रस्त्याच्या मधोमध अक्का उभ्या होत्या. डावा पाय दुमडलेला, गुडघा अडकलेला, सरळ होईना. रडत नव्हत्या.

"हाक नाही का मारायची, अक्का?"

"मारली की. तीनदा." अगदी शांतपणे म्हणाल्या. "तू दर वेळी 'आले' म्हणालीस."

मी म्हणाले होते? मला आठवत नाही. हाक ऐकून, ओ देऊन — मी पळतच राहिले असेन? की ओ देणारं दुसरंच कुणी होतं? यातलं काय खरं निघालेलं मला बरं वाटेल, हेही मी स्वतःला विचारत नाही.

ऑपरेशनला मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडं नेलं — मुद्दाम. जुना रिपोर्ट हरवला म्हणून सांगितलं. अक्का आता एकेक पायरी धरून उतरतात. खानावळ सुनेकडं गेली. मी एकटी पळते. सासूबाईंना सवय झाली. माझे गुडघे उत्तम आहेत.

गेल्या आठवड्यात गल्लीतली एक नवी सून अक्कांना विचारायला आली. तिला पळायला सुरुवात करायची होती. मी तिथंच बसले होते.

"नको गं," अक्का म्हणाल्या. "पळण्यानं गुडघे जातात. डॉक्टरनी पळा म्हणून सांगितलं, तरी माझा गेला. हिला विचार, हिनं बघितलंय."

दोघी माझ्याकडं बघत होत्या.

मी हो म्हणाले.